आईच्या तीन खोल्या

एफी टुलककडून घर आखून घ्यायचं म्हणजे आधी स्वतःची कपाटं उघडून दाखवायची तयारी लागायची. पहिल्या भेटीत ती कागद-पेन्सिल काढतच नसे. ती तुमच्या राहत्या घरी यायची, मग ते घर डनीडिनला असो नाहीतर ख्राइस्टचर्चला. चहा प्यायची, जरा बाथरूमला जाऊन येते म्हणून उठायची, आणि वाटेत लागेल ते दार उघडून बघायची. एका डॉक्टरीणबाईंना तिनं तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या घरात बसायच्या खुर्च्या एकोणीस आहेत आणि तुम्ही बसता मात्र रोज त्या एकाच खिडकीत. त्यांचं सुट्टीचं घर तिनं जवळपास त्या खिडकीएवढंच काढलं. बाई आठवडाभर फोनवर बोलल्या नाहीत, आणि आता दर हिवाळ्यात एफीला मधाची बरणी पाठवतात.

आमच्या ड्रायबर्नमध्ये अशी घरं बरीच आहेत. डोंगराच्या पायथ्याचं गाव, वर बर्फाचा उतार, खाली नदी, आणि मधल्या गल्ल्यांमधून शहरातल्या लोकांनी सुट्टीपुरती बांधलेली लहान लहान घरं. आम्ही त्यांना क्रिब म्हणतो. त्यातली निम्मीअधिक एफीच्या हातची आहेत.

तिचे वडील बर्फाच्या उतारावर माणसांना वर नेणाऱ्या पाळण्यांचे मेकॅनिक होते. ती अठराव्या वर्षी डनीडिनला गेली आणि एका इंजिनियरच्या ऑफिसात बावीस वर्षं नकाशे काढत बसली. तिच्या वाट्याला आले ते सगळे दवाखान्यांचे संडास आणि जिन्यांचे कठडे. बावीस वर्षांत एकसुद्धा खिडकी काढू दिली नाही मला, असं ती सांगायची. मध्ये नऊ वर्षांचा संसार झाला. नवऱ्याला मोठ्या घराची हौस होती. वेगळे झाले तेव्हा घर त्यानं ठेवलं आणि एफी नकाशाचा फळा मोटारीच्या टपावर बांधून ड्रायबर्नला परत आली. वडिलांच्या वर्कशॉपमागे तिनं स्वतःसाठी अडतीस चौरस मीटरचं घर बांधलं. त्या घरात ओव्हन उघडला की बाथरूमचं दार उघडत नसे. पाहुणे हसायचे. एफी म्हणायची, मांस भाजत असताना कोणी आंघोळीत लोळत पडू नये म्हणून मुद्दाम केलंय.

मुद्दाम हा शब्द तिच्या बाबतीत गावानं कधीच हलक्यात घेतला नाही. ऑकलंडच्या एका गृहस्थानं नऊ माणसांचा कातडी सोफा घरात हवाच म्हणून हट्ट धरला, तेव्हा एफीनं मान डोलावली आणि दार चार बोटं अरुंद काढलं. सोफा महिनाभर पाइनच्या झाडाखाली पडून राहिला, मग एका मेंढपाळानं गवताच्या कोठारात नेला. आता त्याची कुत्री त्यावर झोपतात. एफी हळहळून म्हणाली, माप चुकलं माझं. तिचं माप आजवर एकदाही चुकलेलं नव्हतं हे त्या गृहस्थाखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं.

अशा बाईकडे बॅक्स्टरांची तीन भावंडं आली.

बॅक्स्टरांची जुनी क्रिब बर्न गल्लीच्या टोकाला होती. एका हिवाळ्यात तिचं छप्पर बर्फाच्या ओझ्यानं खाली बसलं. भिंती पुढच्या वसंतात उतरवाव्या लागल्या. जागा होती, पण त्या गल्लीचा नियम असा की नवं घर जुन्याहून मोठं बांधता येत नाही. म्हणजे चौसष्ट चौरस मीटर. त्यात मावायची माणसं अकरा: तीन भावंडं, त्यांचे जोडीदार, चार पोरं आणि एकोणऐंशी वर्षांची आई, आयला.

तिघं आली तीही एकत्र नाही. आधी आला मर्डो, थोरला, डनीडिनचा दातांचा डॉक्टर. त्याला असा टब हवा होता की त्यात आडवं पडल्यावर समोर पूर्ण डोंगर दिसावा. आणि टबाला लागून खालीच आईची मोठी खोली, कारण आईला पायऱ्या झेपत नाहीत. आई वर्षातून दोनच आठवडे येणार, मग एरवी ती खोली रिकामी ठेवणं बरं नाही, एवढं तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. चार दिवसांनी कट्रीनाचा फोन आला. ती इन्व्हरकार्गिलला शाळेची मुख्याध्यापिका. वहिनीबरोबर एका ओट्यावर स्वयंपाक करणं तिला या जन्मी जमणार नव्हतं, म्हणून तिला दुसरा ओटा हवा होता, आणि आईची खोली आपल्या खोलीला लागून, कारण आई मनातलं काय ते मलाच सांगते. शेवटी धाकटा फर्गस स्वतः येऊन गेला. तो ख्राइस्टचर्चला बर्फावर घसरायच्या स्की विकतो. त्याला स्कींना मेण लावायला एक उबदार खोली पाहिजे होती. तीच आईला बसायला होईल म्हणाला. मेणाचा वास आईला फार आवडतो, असंही त्यानं ठोकून दिलं.

तिघंही जाताना एकच वाक्य बोलली: हे आपल्यातच राहू दे. एफीनं तिघांनाही सांगितलं, कोणाला एक शब्द बोलणार नाही.

मग ती गाडी काढून तासाभरावरच्या अलेक्झांड्राला गेली. आयला तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एकात राहत होती. एफीची आणि तिची ओळख जुनी. आयला ड्रायबर्नच्या बायकांच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या, संघाची कप्तान होती, आणि बर्फावर तिचा दगड सरकला की त्याच्यापुढे झाडू मारत पळणाऱ्यांत एफी होती. त्यामुळे साठी उलटली तरी एफीच्या तोंडून तिच्यासाठी कप्तान हाच शब्द निघायचा.

"तुला कोणी पाठवलं?" आयलानं दार उघडताच विचारलं.

"कोणीच नाही."

"मग ये. पाठवलेली माणसं मला चालत नाहीत."

एफीनं तिला विचारलं की कप्तान, तुम्हाला त्या घरात काय पाहिजे. आयलानं बिस्किटांचा डबा उघडला, परत लावला. हा प्रश्न आजवर तिला कोणी विचारलाच नव्हता असं दिसलं.

"सेहेचाळीस वर्षं त्या घरात सगळ्यांच्या आधी मी उठले," ती म्हणाली. "चूल पेटवायची, ओट्स शिजवायचे, बारा-चौदा माणसांचे मोजे उलटेपालटे करून वाळवायचे. डोंगरावर पहिलं ऊन येतं ना, ते मी तिथे अंथरुणातून एकदाही पाहिलेलं नाही. मला वर झोपायचंय, पोरी. छपराखाली. उशाशी खिडकी पाहिजे. शिडीनं चढायचं, आणि चढल्यावर शिडी वर ओढून घेता आली पाहिजे."

"पोरं म्हणतील, पडशील."

"म्हणतीलच. ते तू बघ."

त्यानंतर दोघी दुपारपर्यंत काहीतरी खलबत करत बसल्या. मध्ये एकदा त्यांचं हसणं एवढं वाढलं की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं.

एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्याकडे थंडीच्या तोंडावर, शाळांना सुट्टी लागली तेव्हा एफीनं बॅक्स्टरांच्या सगळ्या कुटुंबाला निरोप धाडला: शनिवारी सकाळी दहाला कर्लिंगच्या शेडमध्ये या, घर बघायला. शेडमध्ये अजून बर्फ भरलेला नव्हता, नुसती सिमेंटची लांबरुंद जमीन होती. त्या जमिनीवर एफीनं निळ्या चिकटपट्टीनं अख्खं घर आखून ठेवलं होतं, खऱ्या मापाचं. भिंती, दारं, बिछाने, ओटे, टब, सगळं. नियम दोनच होते. दिवसभर या घरात राहायचं. आणि जो भिंतीतून चालेल तो सगळ्यांची भांडी घासेल.

मर्डो आधी खूष झाला. टब अगदी हवा तसा होता. मग त्याची नजर शेजारच्या चौकोनावर गेली. तिथे खडूनं ठळक लिहिलं होतं: आईची खोली (मर्डो). पलीकडच्या चौकोनात होतं: आईची खोली (कट्रीना). आणि दाराजवळच्या चौकोनात: आईची खोली, आणि मेण (फर्गस).

एफीनं कोणाला एक शब्द सांगितला नव्हता. तिनं फक्त लिहिलं होतं.

तिघं भावंडं एकमेकांकडे बघायचं टाळत जमिनीकडे बघत राहिली, आणि जमिनीवर तर तेच लिहिलेलं. आयला काठी टेकत मधोमध उभी राहिली, तिन्ही खोल्या तिनं शांतपणे वाचून काढल्या आणि म्हणाली, "बरंच झालं. सोमवारी इथे, मंगळवारी तिथे. कंटाळा नको यायला."

कर्लिंग क्लबचे चार म्हातारे जमीन तपासायच्या निमित्तानं थर्मास घेऊन आले होते. त्यांनी भिंतीकडेच्या बाकावर बूड टेकलं ते संध्याकाळपर्यंत हललं नाही.

सगळं मागितलेलं त्या घरात होतं. नव्हतं ते एवढंच की अकरा माणसांनी बसायचं कुठे. तीन आईच्या खोल्या, दोन ओटे, एक टब आणि मेणाची खोली बसवल्यावर टेबलाला जागा उरली नव्हती. कट्रीना आपल्या ओट्यापाशी उभी राहिली की तिची पाठ वहिनीच्या पाठीला लागे. मर्डो टबात खुर्ची टाकून बसला, कारण त्याला दुसरीकडे कुठे बसताच येईना, आणि तिथे तो एकटाच होता. कट्रीनाचा नवरा टाविटा सामोआचा, चांगला साडेसहा फूट उंच. चिकटपट्टीच्या भिंतींचा खरा मान राखला तो त्यानंच. प्रत्येक दारातून तो अंग चोरून, आडवा होऊन जायचा. आपल्या बिछान्यात आडवा झाला तेव्हा त्याच्या नडग्या भिंत ओलांडून मर्डोच्या खोलीत गेल्या. बाकावरून एक म्हातारा म्हणाला की पाय भिंतीतून गेले तर भांडी कोणी घासायची. त्यावर क्लबमध्ये अजून वाद आहे.

अकराच्या सुमारास गारठा वाढला. शेडमध्ये गॅसची शेगडी एकच होती, आणि एफीनं ती दाराशी ठेवली होती, ओले बूट काढायच्या जागेत. पोरं आधी तिथे गेली, पत्ते काढून बसली. मग फर्गस गेला, मग दोन्ही सुना, मग टाविटा तीनदा आडवा होत जाऊन पोचला. शेवटी कट्रीनाही आपला ओटा सोडून तिथे येऊन भिंतीच्या पट्टीला पाय चिकटवून बसली. चार चौरस मीटरात नऊ माणसं. टबातून मर्डो एकटाच बघत होता.

"शेगडी मुद्दाम इथे ठेवलीस तू," कट्रीना एफीला म्हणाली. मुख्याध्यापिकेच्या नजरेतून सुटत नाही काही.

"खऱ्या घरातही शेगडी मीच ठेवणार आहे," एफी म्हणाली.

या गडबडीत आयला कुठे आहे हे कोणी पाहिलं नाही. शेडला वर एक माळा आहे, सामने बघायला लोक पूर्वी तिथे बसत. त्याला लाकडी शिडी. आयला त्या शिडीनं कधीच वर चढून गेली होती. ती चढताना एफी खाली हात पुढे करून उभी होती, पण तिची गरज पडली नाही. वर दोघींनी आदल्या दिवशीच गादी आणि घोंगडी नेऊन ठेवली होती.

जेवणाची वेळ झाली. चीज रोल गरम झाले. खाताखाता पुन्हा खोल्यांचा विषय निघाला. तीन आईच्या खोल्या शक्य नाहीत हे तिघांनाही कबूल होतं. मग एक कोणाची, यावर आवाज चढले. मर्डो टबातूनच म्हणाला की एकच ठेवू, खाली, मोठी, टबाजवळ. आणि समजावणीच्या सुरात पुढे म्हणाला, "शेवटी आईला ती किती वर्षं लागणार? नंतर आपल्यालाच उपयोगी पडेल ती."

"नंतर म्हणजे कधी, मर्डो?" वरून आवाज आला.

पत्त्यांचा डाव थांबला. सगळ्यांनी माना वर केल्या. माळ्याच्या कठड्यावरून आयलाचं पांढरं डोकं डोकावत होतं, खांद्यावर घोंगडी.

"आई, तू वर कशी गेलीस?" कट्रीना उठली आणि धावताना दोन भिंती तोडून गेली.

"शिडीनं. आणि खाली येणार नाहीये. माझी खोली ही. नकाशात एफी काढेल. टाविटा, एक चीज रोल दे बघू वर."

टाविटानं टाचा उंच करून रोल नुसत्या हातानं वर पोचवला. वरून आयलाचं कुरुमकुरुम चावणं सगळ्यांना ऐकू आलं.

मर्डो खुर्चीवरून उठला. टबाबाहेर आला, नीट दारातून, आणि शिडीच्या चार पायऱ्या चढून उभा राहिला. तो आईशी हळू आवाजात काहीतरी बोलला. तीही बोलली. मग तिनं त्याच्या डोक्यावरचे विरळ केस हातानं सारखे केले. एफी खाली कान टवकारून उभी होती, पण तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याची चुटपुट तिला पुढे वर्षभर लागून राहिली.

दुपारनंतर चिकटपट्ट्या पटापट उपटल्या गेल्या. आता भांडायला कारण उरलं नव्हतं. आईच्या तिन्ही खोल्या गेल्या आणि भावंडांच्या तीन लहान खोल्या आल्या, एकसारख्या. एकसारख्या आहेत ना हे कट्रीनानं स्वतः टेप लावून दोनदा पाहिलं. दाराशी बूट काढायची जागा मोठी झाली. तिथे खरी शेगडी, भिंतीला लागून लांब बाक, वर मोजे वाळत घालायच्या दांड्या. ओटा एकच. कट्रीनाला एफीनं समजावलं की वहिनीशी भांडायला तुला जागा लागते, ओटा नाही. टाविटाच्या बिछान्याचा पायथा भिंतीतून पलीकडे मर्डोच्या कपाटाखाली घातला. मर्डोच्या कपाटाचे खालचे दोन खण त्यात गेले. मेणाची खोली मागच्या पडवीत गेली, आणि मर्डोचा टब घराबाहेर, पाइनच्या झाडांच्या कडेला, खाली लाकूड पेटवून पाणी तापवायचं. डोंगर तिथून पूर्ण दिसतो. फक्त लाकडं स्वतः फोडावी लागतात.

अडचण आली ती परवानगीची. तपासणीला आलेला माणूस भला होता, पण त्याच्या नियमात निजायच्या खोलीला शिडी चालत नव्हती, जिनाच लागे. एफीनं नकाशा परत घेतला आणि माळ्यावर लिहिलं होतं ते खोडून लिहिलं: सामान. आयलाला ते कळवलं तेव्हा तिनं फोनवरच विचारलं की सामानाला खिडकी देतात का. एफी म्हणाली, नाजूक असलं तर देतात.

बांधकाम पुढच्या मे महिन्यात संपलं. जुलैत, ऐन बर्फाच्या दिवसांत, सगळी आली. पहिल्या सकाळी साडेसातला मर्डो, फर्गस आणि टाविटा शेगडीसमोर उकिडवे बसले होते आणि घरभर धूर झाला होता. धुराड्याची झडप उघडावी लागते हे त्यांना कोणालाच माहीत नव्हतं. ती एवढी वर्षं आपोआप उघडत होती अशी त्यांची समजूत. वरून हाका मारून विचारायचा प्रयत्न झाला. उत्तर आलं नाही. शिडीही जागेवर नव्हती. शेवटी फर्गस अंगात पायजमा, वर कोट अशा थाटात एफीकडे विचारायला आला. एफीनं त्याला आधी चहा दिला, दोन वेळा दिला, आणि मग सांगितलं.

आयला साडेदहाला खाली उतरली. ऊन कुठे पोचलंय हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. ओट्स जळले होते. तिनं ते खाल्ले आणि छान झालेत म्हणाली.

दोन आठवड्यांनी सगळी आपापल्या गावी निघाली. मर्डोनं आईची बॅग गाडीत ठेवायला मागितली. आयला म्हणाली, मी जरा थांबते. ती ऑगस्टभर थांबली. सप्टेंबरात तिनं अलेक्झांड्राचं घर सोडल्याचं कळवलं. क्लबच्या लहान मुलींना ती आठवड्यातून दोनदा दगड सरकवायला शिकवू लागली. भावंडांना आपल्याच घरी यायचं तर आधी फोन करून विचारावं लागू लागलं, आणि कधीकधी पलीकडून उत्तर यायचं की त्या आठवड्यात नको, माझ्या मैत्रिणी येणार आहेत.

कट्रीना एका शनिवारी एकटीच आली, आणि आईला भेटण्याआधी एफीच्या दारात उभी राहिली. तिला एक गोष्ट खटकली होती. सुट्टीच्या घराला इतक्या जाड भिंती कशाला लागतात? बारा महिने राहायचं असल्यासारखी ऊब धरतात त्या. आणि पुढच्या दाराला पत्रं टाकायची फट कशाला? सुट्टीवर आलेल्यांना पत्रं कोण पाठवतं?

एफीनं केटली ठेवली. "माप चुकलं असेल माझं," ती म्हणाली.

कट्रीना तिच्याकडे बघत राहिली. वर्गातल्या सगळ्यात वाह्यात मुलीकडे बघावं तसं. मग ती बसली, तिनं कोट काढला आणि विचारलं की आई एकटीनं वर चढते तेव्हा खाली कोणी असतं का.

"मंगळवार, शनिवार मी असते," एफी म्हणाली. "बाकीचे दिवस क्लबचे ते चार म्हातारे पाळी लावून असतात. त्यांना ती काही चढू देत नाही वर."